दोन बसथांब्यांमधील अंतर ठरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रथम शास्त्र उरकून घ्यावे, ते सोपे आहे. ६ किलोमीटरच्या मार्गावर दर २०० मीटरला थांबा दिला तर ३० थांबे होतात, ४०० मीटरला दिला तर १५. ब्रेक, चढउतार, डबल बेल, पुन्हा गिअर असे धरून एका थांब्याला २०-२५ सेकंद जातात. म्हणजे बस पाचसहा मिनिटे आधी पोचते. त्या बदल्यात प्रवाशाला दोन्ही टोके मिळून सरासरी १०० मीटर जास्त चालावे लागते. मिनिट-सव्वा मिनिटाचे काम. हा हिशेब फाइलला लावावा आणि फाइल बंद करावी. इथून पुढे पुणे सुरू होते.

शास्त्रातले ४०० मीटर मोकळ्या पदपथावरचे असतात. आपले मोजताना डीपीला वळसा, भजीच्या गाडीला वळसा आणि आडव्या लावलेल्या स्कूटरसाठी रस्त्यावर उतरणे धरावे. गुडघे धरलेल्या आजोबांचा आक्षेप नेमका हाच असतो. तो रास्त असल्यामुळे नोंदवून घ्यावा, पुढे काही करू नये.

दुकानदाराचे मात्र ऐकावेच लागते. थांबा जवळ असावा, पण शेडने आपली पाटी झाकू नये, सबब तो शेजाऱ्यासमोर असावा, असे त्याचे म्हणणे असते. शेजाऱ्याचेही तेच असते. शेवटी शेड तिथे बसते, जिथून ‘आमदार निधीतून’ ही अक्षरे चौकातून दिसतात. बसचे नंबर उरलेल्या जागेत लिहावेत.

प्रवाशांचे मत बस येण्याआधीच घ्यावे. घराच्या दारात थांबा मागणारा गृहस्थ खिडकीची जागा मिळताच ‘अहो, इथे कशाला थांबवता?’ म्हणू लागतो. नाही म्हणण्याचे धैर्य नसल्यास ‘विनंती थांबा’ द्यावा. पाटी लागते, विनंती ऐकायची की नाही, ते ड्रायव्हर ठरवतो.

एवढे झाले की टेप घेऊन निघावे. ती खांबाला लावू नये. खांबापाशी रिक्षा उभ्या असतात, त्यामुळे बस तीस फूट पुढे थांबते आणि मेथीची जुडी सांभाळत काकू ‘ओ मास्तर, थांबा!’ करत मागच्या दाराकडे धावतात. त्या जिथे बसला गाठतात तिथून मोजावे. जूनमध्ये पुन्हा मोजावे, कारण डबके साचले की अख्खी रांग आणखी दहा पावले पुढे सरकते.