अविभक्त कुटुंब, विभक्त रांगा

आयकर खात्याच्या लेखी हिंदू अविभक्त कुटुंब अजून जिवंत आहे आणि त्याला एक कर्ता असतो. हा कर्ता कागदाबाहेर, हाडामांसाचा बघायचा असेल, तर मध्यरात्रीनंतर परदेशातून येणाऱ्या एखाद्या विमानाने मुंबईला उतरावं. टर्मिनल २च्या इमिग्रेशनच्या दालनात, जिथून रांगांना फाटे फुटतात नेमक्या त्या जागी, एक साठीकडे झुकलेला गृहस्थ उभा दिसतो. गळ्यात पाऊच, काखेत प्लॅस्टिकचं पारदर्शक फोल्डर, कपाळावर चढवलेला चष्मा. तो कुठल्याच रांगेत नसतो. तो माणसं मोजत असतो.

माणसं मोजायचं कारण असं, की त्याचं कुटुंब जगाच्या नकाशावर जरा ऐसपैस पसरलेलं असतं. नमुन्यादाखल एकच घेऊ. कर्ता स्वतः भारतीय पासपोर्टवर, शिवाय अमेरिकेचं ग्रीन कार्ड. बायको अमेरिकन नागरिक. मुलगा न्यू जर्सीत जन्मला, म्हणून जन्मतः अमेरिकन. सून जर्मन. नात आठ महिन्यांची, आणि तिच्याकडे अमेरिकेचा एक व जर्मनीचा एक असे दोन पासपोर्ट. आणि कर्त्याची आई, म्हणजे सगळ्यांच्या आजी, शुद्ध सदाशिव पेठी भारतीय. पुण्यात हे सगळे एकाच ताटाभोवती बसतात. मुंबईच्या विमानतळावर मात्र त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे सिद्ध करायला फोल्डर लागतं.

त्या फोल्डरला कप्पे आहेत आणि कप्प्यांवर मार्करने नावं आहेत. भारताचा पासपोर्ट गडद निळा आणि अमेरिकेचाही गडद निळा, त्यामुळे घाईगर्दीत आजींच्या हाती नातवाचा पासपोर्ट जातो. जर्मनीचा तेवढा लालसर, म्हणून सुनेच्या बाबतीत कधी घोळ होत नाही. मग ओसीआयची पुस्तकं. ओसीआय म्हणजे भारताचा परदेशस्थ नागरिक. नाव नागरिकाचं असलं तरी मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्या राज्यघटनेला आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याला दोन दगडांवर पाय ठेवलेला नागरिक चालत नाही. म्हणून कर्त्याच्या बायकोने अमेरिकेची शपथ घेतली, भारतीय पासपोर्ट रद्द करून घेतला आणि ओसीआय काढलं. तो रद्द झालेला पासपोर्टही फोल्डरमध्ये आहे. घरातल्या सगळ्यांचे सगळे जुने पासपोर्ट रबर बँड लावून तिथेच आहेत. ओसीआयवाल्यांनी जुने पासपोर्ट सोबत बाळगायची गरज नाही, असं सरकारने २०२१ साली सांगितलं. कर्त्याने ती बातमी वाचली, तिची प्रत काढली आणि ती प्रत जुन्या पासपोर्टांच्या गठ्ठ्यात ठेवली.

नातीचं ओसीआय काढलं तो दिवस घरात सण असल्यासारखा साजरा झाला. सही करता न येणाऱ्या अर्जदाराच्या अंगठ्याचा ठसा लागतो. अर्जदार तेव्हा तीन महिन्यांची होती आणि तिचा अंगठा कायम तोंडात. डायनिंग टेबलवर तिला टॉवेलवर निजवलं. बापाने हात धरला, आजींनी खुळखुळा वाजवला आणि कर्त्याने शाईचं पॅड उघडलं. अर्जावरच्या चौकटीत ठसा उमटायच्या आधी तो टॉवेलवर, कर्त्याच्या शर्टावर आणि अर्जदाराच्या नाकावर उमटला. फोटोत डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, मागे कुणाचा हात दिसता कामा नये. या तिन्ही अटी एकाच क्षणी पाळणारं मूल अजून जन्मायचं आहे.

सुनेचं ओसीआय व्हायचंय. भारतीय नागरिकाशी किंवा ओसीआयवाल्याशी लग्न केलेल्याला ते मिळतं, पण नोंदणी केलेलं लग्न दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. सुनेच्या लग्नाला ती दोन वर्षं कधी भरतात, ही तारीख कर्त्याला तोंडपाठ आहे. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस तो आजवर तीनदा विसरलाय. तोवर सून ई-व्हिसावर येते आणि ई-व्हिसावाल्यांना उतरल्यावर बोटांचे ठसे द्यायला वेगळ्या काउंटरवर जावं लागतं. म्हणजे कर्ता आणि आजी भारतीयांच्या रांगेत, बायको, मुलगा आणि नात ओसीआयच्या रांगेत आणि सून ई-व्हिसाच्या.

आणि बाळाच्या दुधाची बाटली सुनेच्या खांद्यावरच्या पिशवीत.

हा तपशील कर्त्याच्या आधी बाळाच्या लक्षात आला. दालनभर तिचा आवाज घुमला. सून जर्मन असल्यामुळे रांग सोडून येणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. तिने बाटली उंच धरून दाखवली आणि जागेवरच उभी राहिली. कर्ता पट्ट्याखालून वाकून निघाला, तोच खाकीतल्या शिपायाने हटकलं.

"काका, निघालात कुठे? तुमची रांग इकडे."

"माझी इकडे हो, पण बाळाची तिकडे आणि बाटलीची पलीकडे."

"फॅमिली आहे का?"

"अहो, एकच फॅमिली आहे!"

"मग बाटलीचा पासपोर्ट कुठला?" शिपाई म्हणाला आणि हसू दाबून दुसरीकडे बघू लागला. तेवढी संमती पुरेशी होती. बाटली एका ब्रिटिश आजोबांनी घेतली, त्यांनी ती मस्कतहून सुट्टीवर आलेल्या एका मुलाकडे दिली, त्याने वहिनी म्हणून हाक मारत ओसीआयच्या रांगेतल्या एका बाईंच्या हाती सोपवली. त्या दालनात व्हिसा न लागता तीन रांगा पार केलेली ती एकमेव प्रवासी. कर्ता मात्र अजून पट्ट्याखालीच होता, कारण त्याची कंबर धरली होती.

कर्त्याचा सगळा जन्म या एका ध्यासात चाललाय, की आपण सगळे एका रांगेतून बाहेर पडायचं. पूर्वी ते सोपं होतं असं तो सांगतो आणि त्यात तथ्यही आहे. एके काळी मुलांची नावं आईबापांच्या पासपोर्टातच चढवत. एक पुस्तक काउंटरवर ठेवलं की अर्धं घर पार. पुढे जगभर माणशी एक पासपोर्ट असा दंडक आला आणि कर्त्याच्या मते कुटुंबसंस्था ढासळायला तिथून सुरुवात झाली.

या कुटुंबाचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे दर विमानतळावर घरात सत्तांतर होतं. मुंबईत सत्ता आजींकडे. त्या सकाळी संभाजी उद्यानाला चार फेऱ्या मारतात, पण विमानतळावर शिरल्या की व्हीलचेअरमध्ये बसतात. "इतकं चालायचं, आणि कुणी इंग्रजीतून विचारलं तर उत्तरं कोण देणार? हा ढकलणारा मुलगा देतो की," असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. त्या खुर्चीपुढे पट्टे सरकतात, माणसं बाजूला होतात. बरोबर एकाच माणसाला सोडतात, आणि तो मान कर्त्याचा. मागे वळून आजी सुनेला हात करतात, "ये गं सावकाश, घाई नको." आमच्या देशात आम्ही आधी, हा भाव त्या लपवत नाहीत.

नेवार्कला उतरलं की राज्य बदलतं. तिथे घरातलं सर्वांत वजनदार माणूस म्हणजे नात. तिच्या देशात तिला आत घ्यायला कुणी नकार देऊ शकत नाही. म्हणून कर्ता तिला विमानातून उतरतानाच कडेवर घेतो आणि अधिकाऱ्यांना ती नीट दिसेल अशी धरतो. मुलाकडे ग्लोबल एंट्री आहे, तो मशीनपुढे तोंड दाखवून निघून जातो आणि सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगा गोळा करत बसतो. बायको नागरिक, कर्ता ग्रीन कार्डवाला, दोघांना नागरिकांच्या बाजूने जाता येतं. आजी आणि सून पाहुण्यांच्या बाजूला. एकत्र सोडायचं की नाही, हे तिथे रांगा लावणाऱ्या माणसावर असतं. कर्ता त्याच्यापुढे जाऊन दोन्ही हातांनी सगळ्यांना कवेत घेतल्यासारखा अभिनय करतो आणि "फॅमिली!" एवढंच म्हणतो. कधी तो माणूस मान हलवतो, कधी बोट दाखवतो. दालनात मोबाइलला बंदी, त्यामुळे बोट दाखवलं गेलं की पुढचा सगळा संवाद खाणाखुणांचा. भुवया वर म्हणजे "पुढे सरकली का?", गळ्यावरून हात म्हणजे "मेलो, हा अधिकारी कडक दिसतोय."

आजींची मुलाखत हा कर्त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड प्रसंग. विमानात आठ तास तो त्यांची तयारी करून घेतो. "आई, पणती सांभाळायला आले असं म्हणायचं नाही. ते काम धरतात. फिरायला आले, एवढंच."

"बरं."

"काय म्हणायचं?"

"फिरायला."

"टूरिझम."

"तेच ते."

काउंटरवरच्या अधिकाऱ्याने दुभाष्यामार्फत विचारलं, अमेरिकेत काय काय बघणार? आजी क्षणभर थांबल्या. टूरिझम हा शब्द त्यांना आठवत होता, पण प्रश्न प्रामाणिक वाटला. त्या म्हणाल्या, "पणती." पलीकडच्या रांगेत कर्त्याने गळ्यावरून हात फिरवला. अधिकाऱ्याने आजींकडे पाहिलं, त्यांच्या पिशवीत डिंकाचे लाडू आहेत का याची चौकशी केली, आहेत म्हटल्यावर एवढे कशाला असं विचारलं, आणि सहा महिने देऊन टाकले.

सुनेच्या माहेरी, फ्रँकफर्टला, सगळ्यांचीच पत उतरते. सून यंत्राला पासपोर्ट दाखवून दरवाजातून पार होते. तिथे मिरवायची हक्काची संधी तिची, पण ती मिरवत नाही, यामुळे सासूबाई अधिकच खट्टू होतात. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना नव्वद दिवस व्हिसा लागत नाही. कर्ता आणि आजी शेंगेन व्हिसा, हॉटेलचं बुकिंग, विमा आणि सुनेच्या वडिलांचं निमंत्रणपत्र घेऊन उभे. ऑक्टोबर २०२५पासून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या परक्यांची बोटं आणि चेहरा यंत्रात नोंदवायला लागले, त्याची भर वेगळी. इथे कर्ता युरोपीय संघाचा २००४चा निर्देश काढतो. युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांना युरोपीय रांगेतून जाता येतं, असा हक्क त्यातून मिळतो खरा. पण तो संघातल्या दुसऱ्या देशात गेलेल्या नागरिकाच्या कुटुंबासाठी. म्हणजे जर्मन बायकोचा अमेरिकन नवरा तिच्यासोबत ॲमस्टरडॅमला उतरला तर हक्काने त्या रांगेत, आणि बायकोच्या स्वतःच्या देशात उतरला तर अधिकाऱ्याच्या मेहेरबानीवर. सासुरवाडीला जावयाचा मान थोडा कमीच असतो, हे युरोपालाही कळलेलं दिसतं.

एवढा सगळा व्याप एका शपथेने निम्मा होईल, असं बायकोचं म्हणणं. "अहो, तुम्हीपण अमेरिकन व्हा म्हणजे सुटलो. निदान फ्रँकफर्टच्या व्हिसाची तरी दगदग वाचेल." पाच वर्षं ग्रीन कार्ड असलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. कर्त्याची पाच वर्षं केव्हाच उलटली. पण तो मुळशीचं कारण पुढे करतो. निवृत्तीनंतर मुळशीत एकरभर शेत घ्यायचं, आंबे लावायचे. परदेशी नागरिक झालो तर शेतजमीन कशी मिळणार? आता खरी गोष्ट अशी, की परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही शेतजमीन विकत घेता येत नाही. उद्या तो कायमचा परतला तरी महाराष्ट्रात शेत घ्यायला माणूस आधी शेतकरी असावा लागतो, आणि कर्त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुंडीतल्या तुळशीपलीकडे कुणी काही पिकवलेलं नाही. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याला सांगायचं धाडस कुणी केलेलं नाही.

गेल्या दिवाळीत जेवताना बायकोने पुन्हा विषय काढला. यावेळी मुलगाही तिच्या बाजूने बोलला. कर्ता मुळशीवर आला नाही, हेच आधी सगळ्यांना नवल वाटलं. ताटातल्या चकलीचा वेढा सोडवत तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तुम्ही सगळे मुंबईला तिकडच्या रांगेत. मीही तिकडे गेलो तर आईबरोबर कोण उभं राहणार?"

जेवणारे थांबले. बायकोने नवऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. सुनेने भाषांतराची वाट न बघता अर्थ ओळखला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजींनी तेवढ्यात आमटी वाढून घेतली.

"माझ्याबरोबर कशाला कोण हवंय?" त्या म्हणाल्या. "मला व्हीलचेअर आहे. तू हो काय व्हायचं ते. आणि हो, मुळशीचं काही जमायचं नाही, ते वकिलाने मला कधीच सांगितलंय."