सल्ला सोडून बोला

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, नव्याने रुजू झालेल्या माणसापुढे दोन कामं असतात: रुग्ण सांभाळणं आणि आधीच्या खासगी नोकरीतल्या पेन्शनचं काय करायचं ते ठरवणं. पहिल्याचं प्रशिक्षण मिळतं.

दुसऱ्याला मुदत बारा महिने. तेवढ्यात अर्ज केला तर जुनी पुंजी एनएचएसच्या पेन्शनमध्ये वळवता येते. एकदा वळवली की परतीची वाट बंद. पैसे सरकारी तिजोरीत जातात आणि तुमच्या नावे ‘वर्षाला इतके पौंड’ असं वचन नोंदवलं जातं. वचन तसं भक्कम. 2015 च्या योजनेत दरवर्षी पगाराचा 1/54 भाग पेन्शन म्हणून जमा होतो आणि नोकरीत असेपर्यंत महागाईच्या दरापेक्षा दीड टक्का जास्त वाढतो. शेअरबाजार असं लिहून देत नाही.

मग निर्णय सोपाच. आपण किती वर्षं जगणार, महागाई कुठवर चढणार आणि सरकार निवृत्तीचं वय आणखी किती पुढे ढकलणार, एवढं आधी कळलं की झालं.

हे विचारायचं कोणाला? मनुष्यबळ विभाग म्हणतो, ‘आम्ही आर्थिक सल्ला देत नाही.’ पेन्शन कार्यालय माहितीपत्रक देतं. त्यातही तेच, फक्त ठळक अक्षरांत. परवानाधारक सल्लागार सल्ला देतो, पण आधी शुल्क सांगतो. पुण्यातले काका मात्र विनापरवाना, विनाशुल्क आणि विनाशंका सांगतात, “एफडी कर.”