वाचलं नाहीस अजून?

क्रिकेटवेड्या माणसाला पुस्तकांचा नाद लागला की दोन प्रकारच्या लोकांनी त्याच्यापासून जपून राहावं. ज्यांनी ती पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांनी, आणि ज्यांनी वाचली आहेत त्यांनी. न वाचणाऱ्याला तो पुस्तक सांगत बसतो. वाचणाऱ्याची परीक्षा घेतो.

हा गृहस्थ बहुधा दादरला राहतो. राहत नसला तर ‘मूळचा दादरचा’ असतो आणि रविवारी सकाळी डोंबिवलीहून नाहीतर कांदिवलीहून शिवाजी पार्कात हजर होतो. बँकेतून किंवा महापालिकेतून निवृत्त. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात छत्री, चष्म्याचं घर आणि एक पुस्तक. पावसाळा हा त्याचा हंगाम, कारण कांगा लीग १९४८ साली सुरू झाली ती मुळात पावसाळ्यातली स्पर्धा म्हणूनच. खेळ होण्यापेक्षा खेळ थांबण्याचीच शक्यता जास्त. सर आली, पोरं तंबूत पळाली, कट्ट्यावर छत्र्या उघडल्या की हा शेजारच्याकडे वळतो.

“यावरून आठवलं. तू जेम्स वाचलायस का रे?”

यावरून म्हणजे कशावरून, ते विचारायचं नसतं. आपण ‘नाही’ म्हणतो. तो क्षणभर मैदानाकडे बघतो. मग म्हणतो, “वाचलं नाहीस अजून?” आपल्याकडे या सुरात फक्त लग्नाबद्दल विचारतात.

सी. एल. आर. जेम्स हा त्रिनिदादचा मार्क्सवादी लेखक-इतिहासकार. त्याचं ‘बियाँड अ बाउंडरी’ १९६३ साली आलं. पुस्तक खरोखरच थोर आहे, आणि तिथेच आपली पंचाईत होते. भिकार पुस्तकं सुचवणाऱ्याला निदान टाळता तरी येतं. त्रिनिदादमध्ये कोणी कोणत्या क्लबात खेळायचं हे कातडीच्या छटेवरून कसं ठरायचं, खुद्द जेम्सने काळ्या मध्यमवर्गाचा शॅनन क्लब सोडून जरा उजळ लोकांचा मेपल का धरला, आणि पुढे फ्रँक वॉरेलला वेस्ट इंडीजचा कप्तान करा म्हणून त्याने वर्तमानपत्रातून कशी मोहीम चालवली, हे सगळं त्यात आहे. आमचा गृहस्थ यातलं काहीच सांगत नाही. तो सांगतो, “पहिली पन्नास पानं जड जातील. नवा चेंडू आहे असं समज. सोडून दे, अंगावर घे, काय वाटेल ते कर, पण विकेट टाकू नकोस. लंचनंतर बघ मजा!”

हा सल्ला ऐकून बरेच जण विसाव्या पानावरच बाद झाले आहेत. तो स्वतः लंचपर्यंत टिकला होता का, याविषयी कट्ट्यावर दुमत आहे.

गावसकरच्या ‘सनी डेज’चं तसं नाही. १९७६ सालचं हे पुस्तक मी वाचलेलं नाही, असं म्हणणारा माणूस पार्कात सापडायचा नाही. गावसकर जन्मला तेव्हा बघायला आलेल्या काकांच्या नजरेत बाळाच्या कानाजवळचं बारीकसं छिद्र भरलं. दुसऱ्या दिवशी उचललेल्या बाळाच्या कानाला छिद्रच नाही. इस्पितळात शोधाशोध झाली आणि भारताचा भावी सलामीवीर एका कोळणीच्या कुशीत गाढ झोपलेला सापडला. ही गोष्ट प्रत्येक जण सांगतो, आपणच त्या वॉर्डात हजर होतो अशा थाटात सांगतो, आणि शेवटी “नाहीतर आज ससून डॉकला मासे विकत असता!” हेही ठरलेलं. ही गोष्ट पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला येते, एवढीच नोंद मी इथे करून ठेवतो. १९७१ च्या ७७४ धावांपर्यंत, १९७६ च्या किंग्स्टन कसोटीतल्या त्या जखमी डोक्यांपर्यंत पोचलेले वाचक त्या मानाने विरळ.

कारण खेळाचं पुस्तक हा माणूस सुरुवातीपासून वाचतच नाही. मागून वाचतो. मागे नावांची सूची असते. तीत तो आपल्या आवडत्या खेळाडूचं नाव बघतो, मग नावडत्याचं, मग ज्या दोघांचं पटत नव्हतं अशी कुजबुज आहे त्या दोघांची पानं ताडून बघतो. २०१४ साली तेंडुलकरचं ‘प्लेइंग इट माय वे’ बाजारात आलं. घरोघरी दोन-दोन प्रती झाल्या, कारण त्या वर्षी मुंजीत आणि दहावीच्या सत्कारात लोक दुसरं काही देतच नव्हते. आमच्या गृहस्थाने प्रत हातात घेतली आणि थेट ‘मुलतान’ शोधलं. २००४ साली सचिन १९४ वर नाबाद असताना द्रविडने डाव घोषित केला होता आणि तो खटला याच्या मनात दहा वर्षं प्रलंबित होता. ती पानं वाचली, दोनदा मान हलवली, पुस्तक मिटलं. संध्याकाळपासून ते सगळ्यांना सुचवायला लागला.

मराठी पुस्तकांना बहुधा अशी सूची नसते. त्यामुळे ती पूर्ण वाचण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. मराठीतल्या क्रिकेटच्या लेखनावर त्याचं खरं प्रेम बसलं ते यातूनच, असा माझा कयास आहे. शिरीष कणेकरांचं ‘क्रिकेटवेध’ त्याला पानोपानी आठवतं. द्वारकानाथ संझगिरी महापालिकेत अभियंता होते आणि रात्री जागून क्रिकेटवर लिहायचे, हे तो असं सांगतो की नोकरी सांभाळून स्वतः काही न लिहिल्याचा दोष थेट आपल्यावर यावा. संदीप पाटील संपादक असलेल्या ‘एकच षटकार’चे जुने अंक त्याच्या माळ्यावर आहेत. ते काढायचे म्हणजे आधी पितळेची भांडी काढायला हवीत, म्हणून गेली कित्येक वर्षं ते कोणी पाहिलेले नाहीत.

एका पुस्तकाशी मात्र त्याचा सूर बदलतो. भारताचा पहिला मोठा गोलंदाज कोण, असा वाद निघाला आणि कोणीतरी विनू मांकडपासून मोजायला लागलं की हा हात वर करतो. “बाळू पालवणकर. रामचंद्र गुहांचं ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ वाचा. २००२ चं आहे.” मग तो घाई करत नाही. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायचा, ग्रेग नावाच्या गोऱ्या फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचा. हिंदूंच्या संघाला तो हवा होता, पण चहाच्या वेळी त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाकीच्या संघाची धूळधाण होत असताना या डावखुऱ्या फिरकीवाल्याने सगळ्या सामन्यांत मिळून शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. आणि १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसच्या बाजूने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि पडला. इथपर्यंत आलं की कट्ट्यावरचा चहावाला पोऱ्यासुद्धा किटली खाली ठेवून उभा असतो. हे पुस्तक याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आहे, आणि त्याला सूची असूनही वाचलं आहे.

“गुहांनी हे सगळं आणलं कुठून?” कोणीतरी विचारतं.

“पी. विठ्ठलचं आत्मचरित्र आहे ना मराठीत! ‘माझे क्रीडा-जीवन’. १९४८ चं. गुहांनी त्याचा आधार घेतलाय.”

“मिळतं का काका कुठे?”

“माझ्याकडे होतं. एकाने नेलं.”

दादर-माहीम भागातलं प्रत्येक दुर्मीळ पुस्तक याच ‘एका’ने नेलेलं आहे. तो कोण, हे आजवर उघड झालेलं नाही. सापडला तर त्याच्याकडून एक उत्तम ग्रंथालय उभं राहील.

या गृहस्थाचं खरं तेज बघायचं तर त्याच्याच जातकुळीचा दुसरा गृहस्थ समोर यावा लागतो. दोघं एकमेकांना पुस्तकं सुचवतात, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं.

“कार्डसचं आत्मचरित्र?”

“कधीच वाचलं. ‘बॉडीलाइन ऑटॉप्सी’? डेव्हिड फ्रिथ?”

“घरी आहे.”

‘घरी आहे’ हे उत्तर या खेळात ग्राह्य धरतात. वाचलं आहे असा त्याचा दावा नाही आणि नाही वाचलं असा पुरावाही नाही. मग पहिला थोडा पुढे झुकतो आणि आवाज उतरवून म्हणतो, “सुजित मुखर्जी?” समोरचा थांबतो. बिहारकडून रणजी खेळलेल्या या इंग्रजीच्या प्राध्यापकाचं ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ‍ॅन अननोन क्रिकेटर’ त्याने ऐकलेलं नाही. तो कबूल करत नाही. “पाऊस थांबला वाटतं,” म्हणतो आणि छत्री मिटतो. पाऊस थांबलेला नसतो. सामना निकाली.

बाकीचे खेळ आणि त्यांचे भक्त या कट्ट्याला थोडे उपरे, पण अलीकडे तेही येतात. आर्सेनलचा एक पोरगा आहे मुलुंडचा. लंडन त्याने पाहिलेलं नाही, पण निक हॉर्नबीचं ‘फीव्हर पिच’ तो आईलासुद्धा वाच म्हणाला. १९८९ साली शेवटच्या मिनिटाला मायकेल थॉमसने अ‍ॅनफिल्डवर मारलेला गोल त्याच्या जन्माच्या बऱ्याच आधीचा, आणि तरी तो सांगताना याचे डोळे भरतात. काका त्याच्यावर खूश आहेत. मुंबई मॅरेथॉन पळणारा एक सद्‌गृहस्थ सगळ्यांना मुराकामीचं धावण्याबद्दलचं पुस्तक भेट देत सुटला आहे. ते मिळालेल्यांपैकी कोणी पळताना दिसत नाही. आगासीचं ‘ओपन’ एका ताईंनी आणलं होतं. टेनिसमधल्या एका अव्वल खेळाडूने टेनिसचा तिटकारा केला, यावर तासभर गंभीर चर्चा होईल अशी त्यांची अपेक्षा होती. चर्चा झाली ती १९९० च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने घातलेल्या टोपाची. पुढल्या रविवारी त्या आल्या नाहीत.

माइक ब्रिअर्लीच्या ‘द आर्ट ऑफ कॅप्टन्सी’चं काय झालं तेही सांगायला हवं. कसोटीत एकही शतक नाही, सरासरी तेविसाच्याही खाली, पण १९८१ साली बोथमला पुन्हा बोथम केलं ते याच कप्तानाने. पुस्तक १९८५ चं. काकांनी ते आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला दिलं. हेतू असा की माणसं कशी सांभाळावीत ते त्याला कळावं. सेक्रेटरीने खरोखर वाचलं. आता वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की तो विरोधकांना एकेकट्याला गच्चीवर नेऊन त्यांच्या मनातलं विचारतो. काकांचाच गाडीचा कोपरा गेला. तेव्हापासून ते ब्रिअर्ली कोणाला सुचवत नाहीत.

एवढी खटपट कशासाठी, असं कोणालाही वाटेल. सामने तर आता फोनवर दिसतात, वाटेल तेव्हा, वाटेल तितक्यांदा. पण १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्समध्ये झिम्बाब्वेविरुद्ध भारत ४ बाद ९ असताना कपिल देव आला आणि नाबाद १७५ काढून गेला, तो डाव चित्रफितीत नाही. तो कोणालाच दाखवता येत नाही. फक्त वाचता येतो किंवा सांगता येतो. हा गृहस्थ त्या मुशीतला आहे. लहानपणी त्याने कसोटी रेडिओवर ऐकली, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचली, आणि पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली तेव्हा ती त्याला थोडी फिकीच वाटली. पुस्तक सुचवताना त्याला आपण ते वाचावं असं फारसं वाटत नसतंच. त्या सामन्याला त्याला सोबत हवी असते. वाद घालायला समोर दुसरं कोणी नसेल तर मुलतानचा डाव पुन्हा घोषित करण्यात गंमत ती काय?

म्हणून तो भेटला तर काय करावं, याचा थोडा अनुभवाचा सल्ला. ‘वाचलंय’ म्हणू नका. तो मधलं प्रकरण विचारतो. ‘नाही वाचलं’ म्हणू नका. तो सुरुवात सांगतो आणि पाऊस उघडेपर्यंत सोडत नाही. सरळ म्हणा, “काका, तुमची प्रत द्या ना.” चेहरा बघण्यासारखा होतो. आधी वहीत तुमचं नाव, मजल्यासकट पत्ता आणि तारीख. मग खाकी कव्हर घालण्याची अट, पान दुमडण्याची मनाई, जेवताना वाचण्याची मनाई. एवढं होऊनही पुस्तक हातात पडलं तर वेळेत परत करा, कारण तुम्ही पुढचे ‘एक’ ठरण्याचा संभव आहे.

आणि जाता जाता. पी. विठ्ठल यांचं ‘माझे क्रीडा-जीवन’ कोणा वाचकाच्या माळ्यावर, पितळेच्या भांड्यांमागे किंवा अन्यत्र असेल, तर कृपया कळवावं. न्यायला मी स्वतः येईन, कव्हर घालीन आणि पंधरा दिवसांत परत करीन.