काय सांगायलात! अर्थात माहिती वाटण्याची रीत

प्राणी, सणवार आणि रोजच्या वस्तूंबद्दल अजब माहिती सांगून चार लोकांत भाव खाणं ही एक कला आहे. अर्धापुरात ती कशी चालवावी हे सांगणारं एकही पुस्तक नाही, म्हणून ही जबाबदारी आम्ही नाइलाजाने उचलली आहे. हा लेख आमच्या दाजींना उद्देशून नाही. दाजी पुण्याला असतात, दरवर्षी पोळ्याला येतात आणि गाडीतून एक पाय बाहेर टाकत म्हणतात, "तुम्हाला माहीत आहे का?" तरीही नाही.

नियम पहिला : "माहीत आहे का" असं विचारावं, पण उत्तरासाठी थांबू नये. समोरच्याला माहीत असण्याचा धोका असतो. ऐकणाऱ्याने फक्त "काय सांगायलात!" म्हणावं. पाहुणचारात चहानंतर याचाच नंबर लागतो.

नियम दुसरा : जागा पाहून तोंड उघडावं. केळ हे झाड नव्हे. त्याचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गच्च गुंडाळी, लाकडाचा पत्ता नाही. शिवाय फळ शास्त्राप्रमाणे बेरी, आणि स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही. पुण्यात यावर भुवया उंचावतात. अर्धापुरात शाळकरी पोरानेही वाऱ्याने आडवी झालेली बाग पाहिलेली असते. दाजींचं सांगून झाल्यावर आमचे आबा म्हणाले, "लाकूड असतं तर बाग अशी लोळली असती का, दाजी?"

नियम तिसरा : जमल्यास दोन लांबच्या गोष्टींची सोयरीक जुळवावी. इथे मात्र दाजींना मानलं पाहिजे. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62. दोघांच्या खेचराला येतात 63. विषम आकडा, जोड्या लागत नाहीत, म्हणून खेचराचा वंश सहसा पुढे जात नाही. आपल्या केळीत 11 चे तीन संच, एकूण 33. तिथेही वाटणीचा तोच तिढा, म्हणून बी धरत नाही. मधोमध काळे ठिपके तेवढे उरतात. थोडक्यात, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत दिसणारं खेचर आणि अर्धापूरचं केळ यांचं दुखणं एकच!

"काय सांगायलात!" आम्ही मनापासून म्हणालो. आबा तंबाखू मळत होते. म्हणाले, "खरं असंल. पर खेचराची पिलबाग धरता येत नाही."

दाजींनी पिलबाग म्हणजे काय ते विचारलं. मग आबांनी त्यांना बागेत नेऊन दाखवलं. बाग निसवते, घड तयार होतो, कापला जातो; ते खोड पुन्हा फळ देत नाही. पण त्याच्या बुडातून पिलं फुटलेली असतात. त्यातलं एक जोमदार, नीट जागेवरचं बघून राखायचं, बाकीची कोयत्याने उडवायची. सगळीच राखली तर एकही धड पोसत नाही. बी नसलं म्हणून केळीचं काही अडत नाही.

नियम चौथा : भाव पडेल अशी माहिती उघड्यावर बोलू नये. केळ्यातल्या पोटॅशियममुळे त्यात नावापुरता किरणोत्सर्ग असतो, खाणाऱ्याला काही होत नाही, हे सगळं खरं आहे. पण व्यापारी पहिलं अर्धंच वाक्य ऐकतो.

नियम पाचवा : 'येळवस' या सणाचं नाव कुठून आलं यावर लातूरच्या पाहुण्यांशी वाद घालू नये. कानडीत एळु म्हणजे सात आणि एळ्ळु म्हणजे तीळ. साताची बाजू घ्या की तिळाची, तुमचा निकाल लागेपर्यंत आंबील आणि भज्जी दुसऱ्यांनी संपवलेली असते. स्वानुभव.

नियम सहावा : बैलाबद्दल बैलासमोर बोलू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण चालू होती. आबा तूप-हळद लावून बैलाचा खांदा चोळत होते. दाजी म्हणाले, "लाल रंग बघून बैल चिडतो हे खोटं आहे. त्याला लाल-हिरव्यातला फरकच नीट कळत नाही. तो भडकतो फडकणाऱ्या कापडाला." आमची जोडी लालकंधारी, दोघंही शेपटीपर्यंत तांबडे. आबा हात न थांबवता म्हणाले, "चिडत असते तर एका जुवाखाली चालले असते का?"

मग त्यांनी बैलाचा वरचा ओठ उचलला. "बघा." वर पुढे एकही दात नाही, नुसती कडक हिरडी. दाजी हादरले. म्हणाले, पडले का? पडले नाहीत, येतच नाहीत. वय बघायचं ते खालच्या दातांवर : दुधाचे असतील तर आदत, मग दोनदाती, चौदाती, सहादाती, आठ पुरे झाले की बैल जुळला. बाजारात मालक वय काहीही सांगो, आपण ओठ खाली करायचा.

दाजींनी स्वतः मोजले. चार आले. आबा म्हणाले सहा. दोन दाजींच्या अंगठ्याखाली होते. पुन्हा मोजेपर्यंत नव्या शर्टाची बाही कोपरापर्यंत लाळेने भिजली, पण दाजींनी ओठ सोडला नाही.

आठवड्याने पहाटे सहाला पुण्याहून फोनवर संदेश आला : "तुम्हाला माहीत आहे का? बैलाला वरचे पुढचे दात नसतात!"

आबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "लिही, काय सांगायलात!"