मासळीतलं कळणारा माणूस

मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात मासे खाणाऱ्या प्रत्येक गोतावळ्यात एक इसम असा असतो, की त्याच्याविषयी बाकीचे आदरानं सांगतात, "त्याला मासळीतलं कळतं." ही पदवी कुठलंही विद्यापीठ देत नाही. ती मिळवायला पन्नाशी गाठलेली असावी लागते आणि बालपणाच्या निदान मे महिन्याच्या सुट्ट्या तरी किनाऱ्यावरच्या गावात गेलेल्या असाव्या लागतात. शिवाय दुसऱ्याच्या घरी पहिला घास तोंडात घातल्यावर डोळे मिटून गप्प बसण्याची हातोटी लागते. तेवढ्या वेळात यजमानीणबाईंच्या पोटात गोळा येतो. मग हा डोळे उघडतो आणि म्हणतो, "मासा चांगला आहे." म्हणजे कालवणाबद्दल त्याला काही बोलायचं नाही, हे बाईंनी ओळखायचं.

या माणसाला आपण जाणकार म्हणू. तो स्वतःला तेच म्हणवतो.

"सगळ्यात चविष्ट मासा कुठला?" हा प्रश्न जाणकाराला विचारू नये. विचारायचाच तर पुढचा सगळा दिवस मोकळा ठेवून विचारावा. कारण तो उत्तर देत नाही, उलटतपासणी घेतो. "कुठल्या महिन्यातला? कुठल्या बंदरातला? तळलेला की कालवणातला? आणि कालवण कुणाच्या हातचं?" आपण चाचरत म्हणावं, "नाही, म्हणजे साधारणपणे..." की तो मान हलवतो. साधारणपणे मासे खाणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे त्यानं पाहिलेलं असतं. ते लोक पापलेट खातात.

पापलेटाशी जाणकाराचं वैर जुनं आहे. "पापलेट हा मासा आहे, हे मला मान्य आहे," अशी तो सुरुवात करतो. "पण तो पाहुण्यांना वाढायचा मासा. नव्या जावयाला, ऑफिसातल्या साहेबाला, घरच्यांना न सांगता नुकतंच खायला लागलेल्या शेजाऱ्याला." २०२३ साली राज्य सरकारनं पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही. पापलेटाची पैदास घटते आहे, ती सांभाळली जावी, असा त्यामागचा हेतू होता. तो त्याला समजावून सांगितला तरी पटला नाही. "मोर राष्ट्रीय पक्षी झाला तो काय चवीवर? दिसायला बरा, म्हणून झाला. याचंही तेच." एवढं बोलून तो समोर आलेलं भरलं पापलेट निमूटपणे संपवतो. अन्नाचा अपमान करू नये, हे त्याचं दुसरं तत्त्व.

सुरमईवरही त्याचा राग आहे, पण कारण वेगळं. "मधला कणा काढला की संपलं. उरलेला तुकडा पेपर वाचता वाचता खाता येतो. ज्याच्याकडे बघून खावं लागत नाही तो मासा कसला?" रावस त्याच्या लेखी हॉटेलवाल्यांचा मासा आहे. हलव्याला तो पास करतो, पहिला वर्ग देत नाही. मग आवाज खाली येतो आणि खरी नावं निघू लागतात : बांगडा, तारली, मुडदुशे, मांदेली, सौंदाळे आणि सगळ्यात शेवटी, जरा थांबून, करली.

त्याचं शास्त्र असं, की चव काट्याला चिकटलेली असते. जितके काटे जास्त तितका मासा गोड. ज्याला काटे नकोत त्यानं पनीर खावं. करलीत हे शास्त्र कळसाला पोचतं, कारण या लांबोड्या, चंदेरी माशाच्या गरात बारीक, दुहेरी फाट्यांचे काटे अंगभर पेरलेले असतात. करलीचा तुकडा ताटात पडला की जाणकार शर्टाच्या बाह्या दुमडतो. आधी बोटांच्या पेरांनी गर चाचपतो, काटे कुठल्या दिशेला कललेले आहेत ते बघतो आणि अंगठ्यानं त्याच दिशेला गर हळूच सरकवतो. मग काटे एकेक करून ताटाच्या कडेला आडवे मांडतो. हे चालू असताना डाव्या हाताला पोरंटोरं बसलेली हवीत, कारण प्रात्यक्षिकाला विद्यार्थी लागतात.

एकदा अशाच एका पंगतीत, "हल्लीच्या पिढीला काटे काढता येत नाहीत, जिभेला सवयच राहिली नाही" हे वाक्य अर्ध्यावर असताना तो थांबला. डोळे विस्फारले, हात वर झाला. पंगत स्तब्ध. त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, न बोलता कोरड्या भाताचा गोळा पुढे केला. तो गिळला, दुसरा गिळला, पाणी प्याला, डोळे पुसले. मग शांतपणे म्हणाला, "हेच सांगत होतो. करली खाताना बोलू नये."

एकटा जाणकार घरात निभावतो. दोन जाणकार एका मांडवात आले की कठीण. लग्नातल्या पाहुण्यांत एक मालवणकडचा, एक वसई-सातपाटीकडचा निघाला, तर नवरा-नवरीकडे कुणी बघत नाही. मालवणवाल्याचं म्हणणं, ओल्या नारळाच्या वाटपाशिवाय कालवण म्हणजे तिखट पाणी. सातपाटीवाल्याचं म्हणणं, मासा शिळा असला की नारळ लागतो, ताज्याला मीठ-मसाला आणि आंबट पुरतं. आंबटावरून पुन्हा फाटे : कोकम, चिंच की कैरी? बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं हवीतच, यावर मालवणवाला बोट आपटतो. तेवढ्यात मागच्या रांगेतला गोवेकर मान पुढे काढून सांगतो, की बांगड्याचं सार्थक फक्त उडदमेथीत होतं, बाकी सगळी धडपड. पेणकडचा एकजण इतका वेळ गप्प असतो. तो फक्त "जिताडा" एवढंच म्हणतो आणि बडीशेप तोंडात टाकतो. खाडीत आणि गोड्या पाण्यातही वाढणारा हा मासा रायगडात जावयासाठी, खास पाहुण्यांसाठी तळ्यात राखून ठेवतात. ज्यांना तो खायला मिळालेला नाही त्यांच्याशी काय बोलायचं, अशी त्या पेणकराची मुद्रा असते.

या वादात विदर्भातला जावई पडला तर मात्र सगळे किनारे एक होतात. त्यानं बिचाऱ्यानं गोसेखुर्द धरणाच्या किंवा एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या माशाची, रोहूच्या झणझणीत रश्श्याची आठवण काढलेली असते. "गोड्या पाण्यातला?" एवढंच सगळे एका सुरात विचारतात. सुरात कीव असते. यात थोडं तथ्यही आहे. समुद्राच्या खारेपणापुढे तोल राखायला तिथल्या माशाच्या अंगात अमिनो आम्लं साठतात आणि त्यांतली काही चवीला गोड असतात. तळ्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास येतो, तो पाण्यातले सूक्ष्मजीव तयार करतात त्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पण जाणकाराला हे माहीत नसतं आणि सांगितलं तर आवडतही नाही. जे आपण जिभेनं सिद्ध केलं त्याला प्रयोगशाळेचा दाखला कशाला? शिवाय तोच विदर्भातला जावई पुढच्या वेळी वाळल्या झिंग्यांची चटणी घेऊन येतो. तेव्हा सगळे किनारे ती मुकाट्यानं भाकरीबरोबर संपवतात.

जाणकाराचं खरं रूप बाजारात दिसतं. मासा घ्यावा तर भाऊच्या धक्क्यावर, पहाटे, लिलावातून, असं तो सांगतो. प्रत्यक्षात तो दहाच्या सुमाराला घराजवळच्या बाजारात असतो, पण चाल धक्क्यावरची. पहिली फेरी तो पिशवी मागे धरून नुसती मारतो, म्हणजे कोळणींना गिऱ्हाइकाचा अंदाज येऊ नये. कोळणींना त्याचा अंदाज पंधरा वर्षांपूर्वीच आलेला असतो. दुसऱ्या फेरीत तो वाकतो आणि वैद्यानं नाडी बघावी तसा पापलेटाचा कल्ला दाबतो. पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर पुढे चला. बांगड्याचे डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, कल्ले लालभडक. कोळंबीचं डोकं अंगाला घट्ट हवं. तिसऱ्यांचे शिंपले मिटलेले हवेत. चिंबोरी दिसायला मोठी नको, हाताला जड हवी.

"मावशी, हा कालचा वाटतो."

"दादा, कालचा असंल तर तोंडावर फेक माझ्या. घेणार नाय तर चिमटे नको काढू, भवानीची वेळ हाय."

इथून घासाघीस सुरू होते आणि शेवट ठरलेला असतो. जाणकार पन्नास रुपये कमी करून घेतो, मावशी वाट्यातल्या मांदेल्या पन्नास रुपयांनी कमी करते आणि वर कढीपत्त्याची काडी फुकट देते. दोघंही जिंकून घरी जातात.

त्याचं पंचांगही वेगळं असतं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे वार, बाकीचे आठवड्यात नुसते येऊन जातात. रविवारी संकष्टी आली तर तो कॅलेंडर छापणाऱ्यावर नाराज होतो. चिंबोऱ्या अमावास्येच्या आसपास घ्याव्यात, तेव्हा त्या भरलेल्या असतात, पौर्णिमेला पोकळ, हे तो आकाशाकडे न बघता सांगतो. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी तो सरकारपेक्षा कडक पाळतो. पावसाळा हा माशांचा अंडी घालण्याचा काळ, त्यांना दोन महिने सुखानं जगू द्यावं, हे तो इतक्या गहिवरून सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा शाकाहारी झाला. तसं काही नसतं. माळ्यावरचा डबा उघडलेला असतो आणि सोडे, सुकट, वाकट्या, सुके बोंबील हा ऐवज बाहेर निघालेला असतो. सोड्यांची खिचडी खाऊन तो बाहेर पाऊस बघत बसतो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात.

घरात मात्र तो चुलीजवळ फिरकत नाही. मासा निवडणं पुरुषाचं काम, साफ करणं कोळणीचं, बाकी सगळं बायकोचं, अशी श्रमविभागणी आहे. सूचना तेवढ्या बाहेरच्या खोलीतून सुरू असतात. "बोंबील दाबून ठेवलेस का?" ओल्या बोंबलाच्या अंगात पाणी इतकं, की ते निघाल्याशिवाय तो कुरकुरीत व्हायचा नाही. पूर्वी त्यासाठी पाटा होता. आता पाटा गेला, म्हणून वहिनी बोंबील दोन फडक्यांत ठेवतात, वर पोळपाट आणि त्यावर पाण्यानं भरलेला कुकर. "किती वेळ झाला?" "रवा जाड घेतलास ना?" "तवा तापू दे नीट." चौथ्या सूचनेला स्वयंपाकघरातून उत्तर येणं बंद होतं. बोंबील ताटात येतात तेव्हा कडा सोनेरी असतात, आतला गर लोण्याहून मऊ असतो आणि जाणकार पहिला तुकडा मोडून म्हणतो, "मासा चांगला आहे."

वहिनींना मी एकदा विचारलं, की एवढी वर्षं रांधताय, यांना खरं म्हणजे कुठला मासा सगळ्यात जास्त आवडतो? त्या सोलकढी गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसऱ्याच्या ताटातला."

एवढं असूनही या माणसाचं ऐकावं, असं माझं मत आहे. त्याचा तोरा वजा केला तर शिल्लक राहतं ते शहाणपणाचं आहे. माशाच्या किमतीचा आणि चवीचा संबंध कमी. बर्फात आठवडाभर पडलेलं पापलेट आणि सकाळी उतरलेला बांगडा यांत बांगड्याची चव सरस, आणि पैसे थोडे. बांगडा, तारली हे तेलकट मासे, चव त्या तेलात असते आणि तब्येतीलाही ते मानवतं. हंगामातला मासा भरलेला असतो, बिगरहंगामी माशाला मसाल्याचे टेकू लावावे लागतात. आणि काटे काढायची तयारी असेल, तर बाजारातले निम्मे उत्तम मासे आपल्यासाठी थांबलेले असतात, कारण बाकीची गिऱ्हाइकं सुरमईच्या पाटीपाशी उभी असतात.

तेव्हा बाजारात माशाचं नाव ठरवून जाऊ नका. सगळ्या पाट्या बघा, मावशीला सरळ विचारा की तिच्या घरी आज काय शिजणार आहे, आणि तेच घ्या. तळहातापेक्षा लहान पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी उचलू नका, त्यानं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. आणि घरी कुणी रांधून वाढलं तर पहिल्या घासाला डोळे मिटायच्या आधी सांगून टाका, की कालवण झकास झालंय.