एका खुळाची थोरवी

परभणीचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. पारा 44 च्या पुढे सरकतो, डांबर टायरला धरतं आणि दुपारी वसमत रोडवर चिटपाखरू दिसत नाही. अशा गावात कुणी म्हणालं की आई-बाप आणि लेकरं मिळून सायकल चालवतील असा सावलीचा रस्ता करू या, तर समोरचा आधी त्याचं तोंड निरखतो आणि मग विचारतो, "काय राव, येड लागलं का?" मी त्या येड लागलेल्याच्या बाजूने लिहितो आहे. त्याचं खूळ मला कितीतरी शहाण्या योजनांपेक्षा थोर वाटतं.

हे खूळ पाहायचं असेल तर कृषी विद्यापीठाच्या आवारात जावं. काळ्या कमानीतून आत शिरलं की हॉर्न मागे पडतात आणि झाडं सुरू होतात. रविवारी सकाळी फिरायला आलेल्यांच्या गर्दीत एखादं सायकलवालं कुटुंब दिसतं. बापाच्या पुढ्यात, दांडीवर बसवलेल्या छोट्या सीटवर धाकटं असतं. घंटी त्याच्या ताब्यात, आणि रस्ता मोकळा असला तरी ती वाजतच राहते. थोरली केव्हाच पुढे निघून गेलेली. आई लेडीज सायकलवर, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, कारण ओढणी चेनमध्ये गेली की काय होतं ते तिला ठाऊक आहे. ओळखीचा कुणीतरी मोटारसायकल थांबवून काळजीने विचारतो, "गाडी बंद पडली का, सर?" दारात चालू गाडी उभी असताना माणूस सायकल काढतो, हे त्याच्या हिशेबात बसत नाही. बाप म्हणतो, "नाही हो, असंच." पेट्रोल वाचवायचं, साखर आटोक्यात ठेवायची, ही कारणं लोकांना पटतात. पोराच्या वेगाने, पोराशी बोलत, तासभर कुठेच न पोहोचणं हे कारण कुणाला पटत नाही. खुळाचं मोल इथेच आहे. ज्या गोष्टीतून काही पदरात पडणार नाही अशी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी मिळून करायची, यापेक्षा चांगली सवय लेकरांना लावता येईल असं मला वाटत नाही.

हे खूळ परभणीत रुजेल असं मी म्हणतो, त्याला जमिनीचा आधार आहे. जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगा आणि गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाट सोडला, तर मधला जिल्हा म्हणजे गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांचं सपाट खोरं. सहा वर्षांच्या पोराला धाप लागेल असा चढ शहरात सापडायचा नाही. आणि विद्यापीठाचा परिसर तर अशाच एका जुन्या खुळातून उभा राहिला. निजामाच्या राज्यात 1918 साली इथे शेतीच्या प्रयोगांसाठी प्रक्षेत्र सुरू झालं, 1956 मध्ये कृषी महाविद्यालय आलं, 1972 मध्ये विद्यापीठ. ज्वारीचं एक नवं वाण बाहेर यायला कितीतरी हंगाम जातात. दर वर्षी पेरायचं, कणसं निवडायची, बाकीची टाकून द्यायची, पुन्हा पेरायचं. ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ ही वाणं अशाच चिकाटीतून आली. ज्या गावाने ज्वारीसाठी इतका धीर धरला त्याला सायकलचा रस्ता परवडणार नाही, हे मला मान्य नाही.

आता रस्त्याचंच बोलू, कारण शहाण्यांचा सगळ्यात खरा आक्षेप तिथे आहे. आपली माती काळी, कापसाची. पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते, आणि मे महिन्यात तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर नुसते पेव्हर ब्लॉक बसवले तर दोन पावसाळ्यांत एक ब्लॉक वर, एक खाली. मोठ्या माणसाच्या सायकलला तो नुसता धक्का असतो. लहान चाकाला ती ठेच असते, आणि पोरगं हँडलवरून पुढे जातं. डांबरी रस्त्याचंही तसंच. मधला भाग टिकतो, कडा आधी तुटते, आणि लेकरांना आपण चालवायला सांगतो ते नेमकं कडेनेच. साइडपट्टी एका बाजूला खचलेली, दुसऱ्या बाजूने ट्रक.

म्हणून सायकलचा रस्ता खरोखर करायचा तर काळी माती खोदून काढावी लागते, तिच्या जागी कठीण मुरूम भरून पाणी मारत दबाई करावी लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी निघून जायला नाली लागते. पाणी थांबलं की खालची माती हलली आणि माती हलली की रस्ता गेला. यात गूढ काही नाही. सायकल मार्ग कसे आखावेत याच्या शिफारशी इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 सालीच छापल्या आहेत. सायकलचा भार ट्रकच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे एकदा नीट केलेला असा रस्ता वाहनांनी खराब होत नाही. खराब करतं ते पाणी. पावसाळ्यात कच्च्या वाटेने सायकल घातलेल्या कुणालाही विचारा. मडगार्ड आणि टायर यांच्या मधे चिखल असा गच्च बसतो की चाक फिरायचं थांबतं, मग काडी घेऊन तो उकरत बसायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायचं. लेकरू रडायला लागतं ते याच ठिकाणी, आणि पुढच्या रविवारी ते घरातून निघत नाही.

उन्हाचं उत्तर झाड आहे. उघडं डांबर आणि कडुनिंबाखालचं डांबर यांतला फरक चपलेतूनसुद्धा कळतो. मे महिन्यात सकाळी सहा ते आठ, बाकीचं वर्षभर त्याहून बराच जास्त वेळ, एवढं आपल्याला मिळतं. हिवाळ्यात तर परभणीचा पारा राज्यात सगळ्यात खाली उतरलेल्या गावांत असतो. कानटोप्या घालून निघालेली पोरं तेव्हा अंगात ऊब येण्यासाठीच जोरात पायडल मारतात. बाभळीचा काटा हा मात्र खरा शत्रू आहे. रस्त्याकडेला वेडी बाभूळ माजू दिली तर पंक्चरवाल्याशिवाय कुणाचं भलं होणार नाही. ती काढावी आणि तिथे कडुनिंब, करंज लावावेत. तीन उन्हाळे टँकरने पाणी घालावं लागेल. घालावं.

ज्यांना हे सगळं लाड वाटतात त्यांनी नेदरलँड्सकडे पाहावं. आज तिथे सायकल रक्तातच असल्यासारखी वाटते, पण तसं नव्हतं. युद्धानंतर त्यांनीही मोटारींसाठी रस्ते रुंद केले, आणि 1971 या एका वर्षात तिथे रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त लेकरं होती. आई-बाप रस्त्यावर उतरले. लेकरांच्या हत्या थांबवा, असंच त्यांच्या चळवळीचं नाव होतं. त्यांनी चौक अडवले, रस्त्यांवर मुलांना खेळायला बसवलं. तेव्हा तेही खूळच ठरलं असणार. 1973 च्या तेलटंचाईत सरकारला काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि लोकांना आपलं गाव नव्याने दिसलं. वेगळ्या सायकल मार्गांचं जाळं त्यानंतर पसरलं.

आणि आपल्याकडेही उदाहरण आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई या गरीब, कोरड्या जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायचं ठरलं. कलेक्टर शीला राणी चुंकथ यांनी ते उचलून धरलं, आणि हजारो बाया सायकलवर बसल्या. शेतमजूर होत्या, खाणीत काम करणाऱ्या होत्या. लोक हसले, वाईटसाईट बोलले. बाया पाण्याच्या घागरी कॅरिअरला बांधून चालवत राहिल्या. पी. साईनाथांनी ते लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत आहे.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीचं निम्मं काम झालेलं आहे, आणि मला सगळ्यात जास्त तळमळ त्याचीच आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. सकाळी कुठल्याही फाट्यावर उभं राहा: निळ्या-पांढऱ्या गणवेशात, दोन वेण्या, दप्तर कॅरिअरला, एकामागे एक मुली शाळेला निघालेल्या दिसतील. सायकल दिली, रस्ता दिला नाही. ऊस सुरू झाला की त्याच साइडपट्टीवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत येतो, उसाची टोकं बाहेर आलेली, मागे लाल दिवा नाही. मुली सायकली खाली शेतात उतरवतात आणि तो जाईपर्यंत थांबतात. अशा वेळी बाप म्हणतो, "राहू दे शाळा, घरीच बस," आणि मला त्या बापाला दोष देता येत नाही. शहरातल्या कुटुंबाची रविवारची फेरी आणि त्या मुलीची रोजची शाळा यांना लागणारा रस्ता एकच आहे.

या मातीत वेडाला मान आहे. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत. त्यांच्या वागण्याला ताळतंत्र नव्हतं, आणि तरी चक्रधरांनी त्यांना गुरू मानलं, महानुभावांनी त्यांची एकेक लीळा जपून लिहून ठेवली. शहाण्यांच्या कितीतरी बखरी वाळवीने खाल्ल्या असतील. म्हणून कुणी मला सायकलचं खूळ घेऊन आलं तर मी त्याला बसायला खुर्ची देईन.

सुरुवात कुठून करायची याबद्दल माझं मत पक्कं आहे. जायकवाडीच्या 208 किलोमीटरच्या डाव्या कालव्याकाठची वाट अनेकांच्या डोळ्यांसमोर येते; दिसायला ती सुरेख, पण कठडा नाही आणि पाणी खोल. लेकरांसाठी ती आधी नको. आधी विद्यापीठातले आतले रस्ते रविवारी सकाळी सहा ते नऊ मोटारींना बंद ठेवावेत. त्याला एक साखळी आणि एक पहारेकरी पुरतो. मग तिथून राजगोपालाचारी उद्यानापर्यंत एक सलग, वेगळी पट्टी आखावी, दोन सायकली शेजारी-शेजारी जातील एवढी रुंद, म्हणजे आईला पोराच्या बाजूने चालवता येईल. त्यानंतर शहराला लागून असलेल्या एका गावाची शाळेची वाट. हे कंत्राट दिवाळीनंतर निघालं तर उन्हाळ्यात खोदाई होईल, मृगाच्या आधी मुरूम पडून रोलर फिरेल, आणि झाडं पहिल्या पावसात लागतील. नालीचं काम मात्र त्याच कंत्राटात हवं, वेगळ्या निविदेत नको.