थांबा, झोन बघून सांगतो!

सर्वसमावेशक ग्रामीण विकास शिकावा तर नागपूरकडून. भोवतालची 719 गावे महानगर प्रदेशात अशी सामावून घेतली, की रुसायला एकही उरले नाही. 2017 मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले, नकाशा रंगला. गावकरी होता तिथेच राहिला. फक्त त्याचा झोन बदलला.

पूर्वी घराला खोली वाढवायची तर सरपंचाला पारावर गाठले की भागायचे. आता मंजुरीसाठी नागपूर गाठा. ग्रामपंचायतीकडे उरल्या नाल्या, दिवाबत्ती आणि लोकांच्या शिव्या.

हिंगण्याकडे चक्कर मारा. तुरीच्या वावरात सिमेंटचे खांब, मधोमध पाटी: ‘एनए, टीपी, आरएल. मिहान 10 मिनिटे.’ पाटीवर झोपाळा आहे, कारंजे आहे, हसरे कुटुंब आहे. तूर तेवढी नाही. सावलीला टेकलेल्या काकांना विचारा, ‘नळाला पाणी येते का?’ ‘टँकर येते नं भाऊ!’

आता गोधनी-लाडगावला सुमारे 692 हेक्टरवर आंतरराष्ट्रीय व्यापार व वित्त केंद्र व्हायचे आहे. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने होकारही दिला. म्हणजे पुन्हा जमीन द्यायची. मिहान या विमानतळ-मालवाहतूक प्रकल्पापायी शिवणगावकरांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले, तो अनुभव गाठीशी आहेच.

2013 च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या पटीत शहरीपेक्षा वरचढ मोबदला ठेवला आहे. म्हणून सूत्र सोपे: बांधकामाची परवानगी मागितली की गाव शहरी, पाणी मागितले की ग्रामीण, आणि मोबदला मागितला की, ‘थांबा, झोन बघून सांगतो!’